मामांच्या पेटीतली इंजिनं : हरवलेल्या बारक्या भागांच्या नोंदी

८ जून २०२५

मामांनी दिलेल्या पेटीतली रेल्वेच्या इंजिनांची दोन मॉडेलं दुरुस्तीसाठी टेबलावर घेतली. दोन्ही एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या १:८७.

पहिलं डब्ल्यूडीएम-२, भारतीय रेल्वेचं डिझेल इंजिन. बॉडी मामांनी प्लास्टिक शीट कापून हातानं बांधलेली, खाली एका अमेरिकी आल्को आरएसडी इंजिनाच्या मॉडेलची चेसिस. ही जोडी फार विचारपूर्वक जमवलेली आहे. डब्ल्यूडीएम-२ म्हणजे मुळात आल्को या अमेरिकी कंपनीचं डीएल५६०सी. पहिली इंजिनं १९६२ मध्ये अमेरिकेतून आली, १९६४ पासून ती वाराणसीत तयार होऊ लागली. त्याच्या तीन आसांच्या ट्रायमाउंट बोगीत (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, चाकांचा सांगाडा) आसांमधली अंतरं सारखी नसतात, आणि आरएसडी मालिकेच्या खालीही त्याच घराण्यातली बोगी असते. मामांनी ती चेसिस निवडली त्याचं कारण हेच. ब्रॉडगेजचे १६७६ मिमी या मापात १९.३ मिमी व्हायला हवेत, पण बाजारातला रूळ १६.५ मिमीचा, तेवढी तडजोड आपल्याकडचे बहुतेक सगळेच करतात.

दुसरं जर्मन ६४ वर्गाचं वाफेचं टँक इंजिन, कारखान्यात बनलेलं. खरी इंजिनं १९२८ ते १९४० या काळात ५२० बांधली गेली. खऱ्याचं चाक १५०० मिमी, मॉडेलचं १७.२ मिमी.

आज काही दुरुस्त करायचं नाही, फक्त काय नाही ते लिहायचं. डब्ल्यूडीएम-२ च्या एका बाजूचं रेलिंग खुंटांसकट गायब. चारपैकी तीन वायपर नाहीत. एक हॉर्न नाही. एका टोकाचे ब्रेकचे होजपाइप नाहीत. एका बोगीवरचा एक ब्रेक सिलिंडर तुटून गेलाय. त्याच टोकाच्या कप्लरचं (गाडी जोडणाऱ्या आकड्याचं) बोट सैल पडतंय, म्हणजे आतली स्प्रिंग उडालेली. ६४ च्या उजव्या बाजूला रिटर्न क्रँक (वाल्व्हला हालचाल देणारा लहानसा हात) धरून ठेवणारा स्क्रू नाही, त्यामुळे अख्खं वाल्व्ह गिअर, म्हणजे वाल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांची जुळणी, लोंबतंय. एका बफरचं डोकं नाही. एका चाकावरची रबरी रिंगही गेलेली आहे.

मामांचा फोन आला होता. म्हणाले, “अगं, पेटीतला फोम टाकून देऊ नकोस हं. घर बदललं तेव्हा पेटी उलटी झाली होती. जे पडलं ते त्यातच रुतलं असणार.”

९ जून

फोम जुना पॉलियुरेथेनचा. दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की तो चिकट होतो आणि बोट लावलं की भुगा पडतो. नव्यानं मॉडेल ठेवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, असला फोम इंजिनाला थेट टेकू देऊ नका, मध्ये पॉलिथिनचा कागद तरी घाला.

परातीत फोमच्या पट्ट्या कापून ठेवल्या, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल शिंपडलं आणि ब्रशनं एकेक पट्टी उकलली. बफरचं डोकं मिळालं. रेलिंगचा एक खुंट मिळाला, तांब्याच्या तारेचा, बुडाला फेव्हीक्विकचा पांढरट थर. दोन तुकडे झालेला एक वायपर मिळाला. बॉडीला मात्र हे अल्कोहोल लागू द्यायचं नाही. ॲक्रिलिक रंग त्यानं मऊ पडून निघतो.

तो खुंट भिंगाखाली बराच वेळ पाहिला. तार कुठेच तुटलेली नाही, गोंद सुटलेला आहे. फेव्हीक्विकचा जोड ओढायला घट्ट असतो, पण आडवा धक्का त्याला सोसत नाही. आणि इंजिन उचलताना बोटाचा धक्का रेलिंगला नेहमी आडवाच बसतो. म्हणजे भाग हरवण्याचं कारण पेटी उलटी होण्याच्या कितीतरी आधीपासून तयार होतं. नवीन भाग जुन्याच पद्धतीनं चिकटवला तर तोही जाणार. या कामासाठी एक नियम ठरवून टाकला: जिथे बोट लागतं तो भाग धातूचा आणि बॉडीत आतून अडकवलेला; जिथे फक्त डोळा पोचतो तिथे रेझिन चालेल.

१३ जून

टेबलाची तयारी. टेबलाच्या पुढच्या कडेला जुना पंचा क्लिपांनी लावला, त्याचं दुसरं टोक कमरेला खोचलं. सोनारही असंच काहीतरी मांडीवर पसरून बसतात. काम परातीत, परातीत पांढरा कागद.

भाग उडालाच तर काय करायचं तेही लिहून भिंतीला लावलं. आधी हलायचं नाही. मग खोलीतला दिवा बंद करून विजेरी फरशीवर आडवी ठेवायची. अर्ध्या मिलिमीटरच्या तुकड्याचीही लांब सावली पडते आणि तो दिसतो. नाही दिसला तर व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला पातळ पायमोजा ताणून लावायचा आणि फरशी ओढून घ्यायची. भाग मोज्यावर अडकतो. लोखंडी असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवायचं, म्हणजे नंतर पिशवी उलटी केली की सगळं सुटून एका जागी पडतं. पितळ आणि कासं मात्र चुंबकाला दाद देत नाहीत. झारेकरी सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन सोन्याचे कण काढायचे. आपलीही केराची सुपली काम संपेपर्यंत कचऱ्याच्या डब्यात रिकामी करायची नाही.

चिमट्याबद्दल एक महत्त्वाचं. भाग चिमट्यातून उडतो तो बहुतेक वेळा टोकं समांतर नसल्यामुळे. टोकं पुढे मिटलेली आणि मागे फट, किंवा उलट, असं असलं की जितकं दाबाल तितका भाग बाहेर ढकलला जातो. बाराशे नंबरचा पॉलिश पेपर दुमडून दोन्ही टोकांमध्ये धरला, हलक्या दाबानं पुढेमागे ओढला. आता टोकं पूर्ण लांबीला टेकतात. अगदी बारीक भाग उचलायला टूथपिकच्या टोकाला मेणाचा ठिपका लावलेला चिमट्यापेक्षा बरा.

१५ जून

६४ चं कवच उघडलं. हरवलेला भाग घरात शोधण्याआधी इंजिनाच्या पोटात शोधावा, हे आज पक्कं झालं. रिटर्न क्रँकचा स्क्रू मोटरच्या कायम चुंबकाला जाऊन चिकटला होता. सोबत लोखंडाचा बारीक कीसही होता, तो निळ्या चिकट पुट्टीनं टिपून काढला. तो कीस आर्मेचरच्या फटीत गेला असता तर मोटर गेली असती.

स्क्रूचं डोकं मात्र कुणीतरी पूर्वीच झिजवलंय, खाच उरलेली नाही. परत लावता येणार नाही, पण मापासाठी तो सोन्यासारखा. व्हर्निअरनं बाहेरचा व्यास जवळपास १.२ मिमी आला.

इथे थांबायला हवं. १.२ मिमी म्हटल्यावर हात लगेच मिळेल त्या स्क्रूकडे जातो. मेट्रिक एम१.२ चा पीच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.२५ मिमी. अमेरिकी ००-९० नावाचा स्क्रू व्यासाला १.१९ मिमी, म्हणजे हातात घेतला तर फरक कळणारच नाही, पण त्याचा पीच ०.२८ मिमी. चुकीचा स्क्रू दोन-तीन वेढे अगदी गोडीनं जातो, मग अडतो, आणि तिथे जोर लावला की चाकातले आटे गेले. जर्मन इंजिन असल्यानं मेट्रिक असणार हे उघड होतं, तरी जुना स्क्रू आणि एक खात्रीचा एम१.२ एकमेकांच्या आट्यांत आटे बसवून दिव्यासमोर धरले. फटीतून उजेड आला नाही. मग मन निश्चिंत झालं.

२१ जून

चष्म्याच्या दुकानात गेले. चष्म्याच्या काड्यांचे स्क्रू बहुतेक १.४ मिमीचे असतात, पण दुकानदाराकडे एका डबीत सगळी मापं मिसळलेली होती. त्यांनी डबी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “ताई, तुम्हीच निवडा, मला यातलं काही दिसत नाही आता.” जुना स्क्रू सोबत होता म्हणून काम झालं.

घरी आल्यावर लांबी कमी केली. पद्धत अशी: आधी त्यावर नट चढवायचा, मग जास्तीचा भाग कापायचा, टोक कानशीनं गोल करायचं आणि शेवटी नट उलटा फिरवून काढायचा. नट निघताना कापलेले आटे सरळ करत येतो. या स्क्रूला मानेचा सपाट भाग नाही, आणि तो नसला तर स्क्रू घट्ट केल्यावर रॉडच आवळला जातो. म्हणून पितळी नळीचा तुकडा कापून बुश केलं, रॉडच्या जाडीपेक्षा केसभर लांब. स्क्रू बुशवर घट्ट बसतो आणि रॉड बुशभोवती मोकळा फिरतो.

रिटर्न क्रँक कुठल्या बाजूला झुकवायचा याचा घोळ फार जणांकडून होतो. हा लहानसा हात पिस्टनच्या क्रँकपिनवर बसतो आणि वाल्व्हला हालचाल देतो. आतून वाफ घेणाऱ्या पिस्टन वाल्व्हच्या बहुतेक इंजिनांत, क्रँकपिन सर्वांत खाली असताना रिटर्न क्रँक पुढच्या दिशेला झुकलेला असतो. माझ्याकडे डावी बाजू शाबूत होती, तिच्यावरून पडताळून पाहिलं. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे तपासायच्या, कारण दोन बाजूंच्या क्रँक एकमेकींशी ९० अंशात असतात आणि एकाच वेळी दोन्ही खाली येत नाहीत.

शेवटी स्क्रूच्या डोक्याच्या कडेला नखाला लावतात त्या पॉलिशचा एक ठिपका. कंपनानं स्क्रू सुटत नाही, आणि पुढे काढायचा झाला तर ॲसिटोनच्या थेंबानं सुटतो. हा थेंब टूथपिकनं, प्लास्टिकला न लावता.

२२ जून

६४ ची रबरी रिंग बदलली. खाचेच्या तळाशी व्यास मोजायचा आणि त्यापेक्षा थोडी लहान रिंग घ्यायची, म्हणजे ती ताणून बसते. तेल लागलं की रबर फुगतं आणि रिंग निसटते, म्हणून बसवण्याआधी खाच अल्कोहोलनं पुसली. बफरचं डोकं जागेवर. हे इंजिन झालं.

२९ जून

कप्लरची स्प्रिंग. डब्ल्यूडीएम-२ ला केडी पद्धतीचा कप्लर आहे. त्याचं बोट उघडतं-मिटतं ते दीड-दोन मिलिमीटरच्या एका स्प्रिंगच्या जोरावर. स्प्रिंग दोन बारक्या टोकांमध्ये दाबून बसवलेली असते, दुसरं काहीही तिला धरत नाही. या छंदात सर्वाधिक हरवणारा भाग कोणता, असं विचारलं तर मी हाच सांगेन.

घरी बनवायचा मोह होतो. तांब्याच्या तारेची करू नये. तांबं मऊ, एकदा दाबलं की दाबलेलंच राहतं. गिटारची पोलादी तार स्प्रिंगसारखी वागते, पण हे कप्लर रुळांमधल्या चुंबकावर उघडण्यासाठी बनवलेले असतात. तिथे पोलादाची स्प्रिंग मला नको. आणि एवढ्या बारीक तारेचे वेढे हातानं सारखे येतही नाहीत. स्प्रिंगची तयार पाकिटं मिळतात, ती घ्यावीत. जो भाग विकत मिळतो आणि स्वस्त आहे तो बनवण्यात रात्री घालवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

बसवण्याची रीत. मोठी पारदर्शक झिपची पिशवी घ्यायची, कप्लर, स्प्रिंग, चाकू आणि दोन्ही हात आत. स्प्रिंगमधून आधीच शिवणाचा दोरा ओवून घ्यायचा. अकरा नंबरच्या पात्याचं टोक स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये, एका टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर सरकवायचं, ते टोक एका खुंटीवर चढवायचं, पात्यानंच स्प्रिंग दाबून दुसरं टोक दुसऱ्या खुंटीवर सोडायचं. मग दोरा ओढून काढायचा. स्प्रिंग सुटली तरी ती दोऱ्याला लटकते, आणि दोऱ्यावरूनही गेली तर पिशवीत सापडते.

कप्लरची उंचीही तपासली. रुळाच्या माथ्यापासून मध्यापर्यंत ९.९ मिमी हवी. एका टोकाला थोडी कमी होती, बोगीच्या खिळीवर कागदी वॉशर घालून उचलली.

५ जुलै

कोथरूडला जोशी म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेमध्ये गेले. १९९८ पासून ते सुरू आहे, आणि पुण्यात माझ्यासारख्या किती जणांना हा नाद तिथे लागला असेल. आज तिथे चालत्या गाड्यांकडे पाहताना एकच प्रश्न मनात होता: काचेपलीकडून, हातभर अंतरावरून, डोळ्याला नेमकं काय दिसतं? वायपर दिसत नाहीत. रेलिंग सरळ आहे की लहरत गेलंय, हे मात्र लगेच दिसतं. त्यावरून कामाचा क्रम ठरला. रेलिंगला सर्वाधिक वेळ द्यायचा.

१२ जुलै

रेलिंगची तार किती जाड हवी? खऱ्यात एक इंची पाइप धरला तर त्याचा बाहेरचा व्यास ३४ मिमीच्या आसपास येतो. भागिले ८७ केलं की ०.३९ मिमी. म्हणजे ०.४ मिमी पितळी तार. मामांनी वापरलेली तांब्याची तार ०.६ मिमीची होती, म्हणजे खऱ्यात ५२ मिमीचा दांडा. खलाशाच्या मुठीत मावला नसता.

०.४ ची कडक पितळी तार कुठेच मिळेना. ०.५ ची मऊ तार मिळाली. रविवार पेठेत सोनारांची हत्यारं विकणाऱ्या एका दुकानात जंतर आहे का विचारायला गेले. जंतर म्हणजे तार ओढायची पोलादी पट्टी, तिच्यात उतरत्या मापाची भोकं. दुकानात बसलेल्या म्हाताऱ्या काकांनी विचारलं, “कुठला दागिना करताय?”

“दागिना नाही काका, रेल्वेचं इंजिन.”

त्यांनी चष्मा वर केला, खिशातून काढलेला खुंट तळहातावर घेऊन पाहिला आणि म्हणाले, “मग शेवटची दोन भोकं तार न तापवता ओढा. तापवलीत तर मऊच राहील.”

सगळं मर्म या एका वाक्यात होतं. तार ओढताना धातू ताठर होत जातो. तापवून लाल केला आणि थंड होऊ दिला की परत मऊ. सुरुवातीला तापवून मऊ करायची, म्हणजे तुटत नाही. शेवटी न तापवता ओढायची, म्हणजे ताठ राहते. तारेवर मेण फिरवायचं, टोक कानशीनं निमुळतं करून भोकातून पक्कडीनं एका दमात ओढायचं, मध्ये थांबायचं नाही. थांबलं की तिथे ओरखडा उमटतो.

१३ जुलै

तार ०.४ वर आली. ताठ आहे, वाकवली तर परत येते. सरळ करण्यासाठी एक टोक शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडलं, दुसरं पक्कडीत, आणि तार किंचित लांबेल इतकंच ओढलं. बोटांनी कितीही सरळ केली तरी राहतात त्या लहरी या एका ओढीनं जातात. पूर्ण लांबीवर उजेड एकसारखा चमकतो.

खुंटांसाठी ०.३ मिमीची तार. ०.४ च्या ड्रिलच्या दांड्याभोवती एक फास, दोन्ही शेपट्या एकत्र पिळायच्या, पिळाला किंचित सोल्डर द्यायचं, कानशीनं गोल करायचं. वर लहानसा डोळा, खाली दांडा, आणि बॉडीत जाणारी शेपटी. फोममध्ये सापडलेला मामांचा खुंट उंचीचा नमुना म्हणून पुढे ठेवला होता. त्यांनी उंची अगदी बरोबर काढलेली आहे. त्या काळी त्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं, यार्डात उभं राहून डोळ्यांनी घेतलेलं माप ते.

खुंट एकेक करून बॉडीत लावून मग दांडा ओवायचा, असं मी करत नाही. सागाच्या पट्टीवर बॉडीच्या भोकांचं अंतर उतरवून घेतलं, तिच्यात भोकं पाडली, खुंट उभे केले, दांडा ओवला आणि सगळं पट्टीवरच सोल्डर केलं. लाकूड उष्णता खात नाही आणि प्लास्टिकची बॉडी लांब सुरक्षित राहते. सोल्डर ६३/३७, ते १८३ अंशांना एकदम वितळतं, मधल्या लगद्याच्या अवस्थेत अडकत नाही. पितळ आधी चिंचेच्या कोळानं घासलं, घरची पितळी भांडी घासतो तसंच, मग धुऊन कोरडं केलं. फॉस्फोरिक आम्लाचा फ्लक्स ब्रशच्या टोकानं. सोल्डरिंग आयर्न एका सेकंदाहून जास्त टेकवलं नाही. शेजारचा जोड सुटू नये म्हणून दोन्ही बाजूंना ओलं टिश्यू. शेवटी सोड्याच्या पाण्यानं फ्लक्स धुतला. पावसाळ्यात हे राहून गेलं तर आठवडाभरात हिरवट डाग येतात.

२० जुलै

रेलिंग बसवलं. बॉडीतली भोकं जुन्या गोंदानं भरली होती, ती ०.५ च्या ड्रिलनं हातानंच साफ केली. मोटरवरच्या ड्रिलनं प्लास्टिक वितळून ड्रिलला चिकटतं. शेपट्या आत गेल्या, आतून दोन दिशांना वाकवल्या आणि वर दोन भागांच्या इपॉक्सीचा ठिपका. गोंद इथे दुय्यम आहे, भार वाकवलेल्या शेपटीवर आहे. बोटानं आडवं ढकलून पाहिलं. दांडा किंचित लवला आणि परत आला.

मामांना फोटो पाठवला. उत्तर आलं, “दुसरी बाजूपण काढ. दोन्हीकडे सारखं पाहिजे.” त्यांचीच बाजू, शाबूत असलेली, काढायला सांगतायत. मी लगेच होकार दिला नाही. ती त्यांच्या हातची आहे, आणि अजून एकही खुंट सुटलेला नाही.

२६ जुलै

ब्रेक सिलिंडर. हा बोगीच्या बाजूला, सहसा बोट लागत नाही, त्यामुळे इथे रेझिन. शेजारचाच शाबूत सिलिंडर नमुना म्हणून घेतला, त्याच्याभोवती प्लॅस्टिसिनचा बांध घालून सिलिकोन रबर ओतलं. काही प्लॅस्टिसिनमध्ये गंधक असतं आणि प्लॅटिनमवर पिकणारं सिलिकोन त्यापाशी कच्चंच राहतं, चिकट. लॅटेक्सच्या हातमोज्यांनीही तेच होतं. म्हणून गंधक नसलेली माती आणि नायट्राइलचे हातमोजे.

साचा उत्तम आला. ओतायला पॉलियुरेथेन रेझिन काढलं नाही, कारण बाहेर पाऊस कोसळतोय आणि हे रेझिन हवेतला ओलावा घेतं, फेसाळतं, भाग जाळीदार होतो. हळू पिकणारं इपॉक्सी वापरलं. साच्याच्या कोपऱ्यांत टूथपिक फिरवून बुडबुडे वर काढले. उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

२७ जुलै

सिलिंडर सुबक निघाला, बोल्टांची डोकीसुद्धा उतरली आहेत. चिकटवला, झालं.

३ ऑगस्ट

वायपर. हातानं तार वाकवून केलेला वायपर चालतो, पण चारही सारखे येत नाहीत, आणि शेजारी शेजारी असलेल्या खिडक्यांवर ते लगेच दिसतं. म्हणून खोदकाम: ०.१ मिमीची पितळी शिम (पातळ पत्रा), तिच्यावर वायपरचा आकार फोटोरेझिस्ट फिल्मनं उतरवायचा, आणि उरलेलं पितळ फेरिक क्लोराइडला खाऊ द्यायचं. सर्किट बोर्डवाल्यांसाठी हे सगळं सामान तपकीर गल्लीत मिळतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. द्रावण खालच्या दिशेनं जितकं खातं तितकंच थोडंफार कडेनंही खातं, म्हणून चित्रातली रेघ हवी त्यापेक्षा जाड काढायची. पत्रा दोन्ही बाजूंनी उघडा ठेवला तर ही झीज कमी होते. आणि प्रत्येक वायपर एका चौकटीला बारीक दांडीनं जोडलेला ठेवायचा, नाहीतर शेवटी ते सगळे गडद द्रावणाच्या तळाशी जाऊन बसतील आणि हरवलेल्या भागांच्या यादीत नवीन भर पडेल.

फेरिक क्लोराइडची पूड पाण्यात घालायची, पुडीवर पाणी ओतायचं नाही. ती विरघळताना द्रावण तापतं. गॅलरीत काम, डोळ्यांवर चष्मा. वापरून झालेल्या द्रावणात तांबं असतं, ते मोरीत ओतायचं नाही. धुण्याच्या सोड्यानं गाळ खाली बसवला, बाटलीत बंद करून वेगळा ठेवला.

चौकटीत जास्तीचे वायपरही काढले आहेत. उरलेले चौकटीसकट पाकिटात.

१० ऑगस्ट

हॉर्न. एका मैत्रिणीकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आहे, ती ०.०५ मिमीच्या थरांत छापून द्यायला तयार होती आणि नमुन्याचा हॉर्न दिसायला सुरेखही आला. पण इंजिन वरून उचलताना बोट नेमकं तिथेच जातं, आणि छापलेलं रेझिन एवढ्या बारीक दांड्यात काचेसारखं मोडतं. नियमाप्रमाणे धातू.

इंजेक्शनच्या सुईची पोलादी नळी फार उपयोगी वस्तू आहे. २३ गेज म्हणजे बाहेरून ०.६४ मिमी, २६ गेज ०.४६ मिमी, १८ गेज १.२७ मिमी, मापं जगभर तीच. न वापरलेल्या नव्या सुया औषधाच्या दुकानातून घेतल्या. कर्णा पितळी सळीचा, हातड्रिलमध्ये धरून फिरवत कानशीनं निमुळता केला, तोंडाला ड्रिलनं पोकळी दिली. मागे २३ गेजची नळी, ती बॉडीत उतरते आणि आत इपॉक्सीत बसते. पोलादी नळी पक्कडीनं कापली तर चेपते, म्हणून कानशीच्या कडेनं सभोवार खाच पाडून मोडायची. कापताना नळीत एक तार घालून ठेवली, तुकडा तारेवरच राहतो.

१६ ऑगस्ट

ब्रेकचे होजपाइप. रॅपिंग वायरचं काळं आवरण, आत तार तशीच ठेवलेली, म्हणजे वाकवू तसं राहतं. टोकाचे कॉक पितळेच्या तुकड्यांचे. हे भाग गाडी जोडताना बोटांच्या वाटेतच येतात, त्यामुळे तार बॉडीतून आरपार नेऊन आतून वाकवली.

रंगाचं पाळलंच पाहिजे. ब्रेक पाइपचा कॉक हिरवा, फीड पाइपचा पांढरा. खऱ्या गाडीत पहिल्यात ५ किलो आणि दुसऱ्यात ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब असतो, आणि अंधारात, पावसात, डब्यांमध्ये वाकून जोडणाऱ्या माणसाला त्या रंगांवर भरवसा ठेवावा लागतो. १:८७ मध्ये हा रंग टाचणीच्या टोकाएवढा आहे, पण चुकीचा लावला तर ते इंजिन भारतीय रेल्वेचं राहत नाही.

हिरवा लावला. पांढऱ्याचा पहिला हात पातळ झाला, दुसरा उद्या. नवीन रेलिंगला प्रायमर बाकी आहे. मामांच्या बाजूचं रेलिंग तसंच ठेवायचं ठरलं, त्यांनाही फोनवर सांगितलं. फक्त तिथल्या सैल वाटणाऱ्या शेवटच्या खुंटाला आतून इपॉक्सी देणार आहे. पेटीला नवा पॉलिथिन फोम आणायचा आहे, आणि झाकणाच्या आत एक पाकीट: जास्तीचे वायपर, उरलेल्या स्प्रिंगा, बुशची नळी, झिजलेला जुना स्क्रू, आणि प्रत्येकाचं माप लिहिलेला कागद.